औटी सरांचे कन्फूशेठ

आमच्या कॉलेजात औटी आडनावाचे इतके लोक होते की स्टाफरूमच्या दारातून नुसतं 'औटी सर' म्हटलं तर चारी कोपऱ्यांतून माना वर व्हायच्या. म्हणून प्रत्येकाला ओळखीपुरतं काहीतरी चिकटवलेलं होतं. एक एनसीसीचे औटी, एक ऑफिसातले औटी, आणि अर्थशास्त्र शिकवणारे दिनकर औटी हे जपानचे औटी. नव्या माणसाला वाटे, हे गृहस्थ जपानला जाऊन आलेले दिसतात. प्रत्यक्षात सर पुण्याच्या पुढे फक्त लोणावळ्यापर्यंत गेले होते, मेहुण्याच्या लग्नाला, आणि येताना त्यांना गाडी लागली होती.

नव्वदचं दशक सुरू होत होतं तेव्हा मी तिथे इंग्रजी शिकवायला रुजू झाले. पहिल्याच दिवशी स्टाफरूमच्या दाराशी एक उंच, काटकुळा माणूस बाजूला उभा होता. कॉलरखाली घडी घातलेला रुमाल, केसांना भरपूर तेल. मी आत जायला लागले तसं त्यांनी मला अत्यंत अदबीनं थांबवलं आणि माझं जन्मसाल विचारलं. मग एम.ए. कधी झालात ते विचारलं. मनाशी काहीतरी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी मी जातो." आणि गेले. मी तशीच दारात उभी. नंतर कळलं की यात उद्धटपणा काही नव्हता. वयानं आणि अनुभवानं मोठा असेल त्यानं आधी जायचं, हा त्यांचा नियम होता, आणि तो ते स्वतःच्या गैरसोयीच्या वेळीही तितकाच पाळत. प्राचार्य वयानं सरांहून लहान पण हुद्द्यानं मोठे. त्यामुळे ही दोघं एकाच वेळी दाराशी आली की मोठा पेच पडे. एकदा तास सुरू झाल्याची घंटा होऊन गेली तरी दोघे "आपण", "नाही, आपण" करत उंबऱ्यावरच होते. शेवटी शिपायानं खिडकीतून हजेरीपट बाहेर दिला.

सर बोरी बुद्रुकचे. तिथून रोज लुनावर जुन्नरला येत. त्यांची उंची आणि लुनाची उंची यांचा काही मेळ नव्हता. गुडघे दोन्ही बाजूंना हँडलच्याही वर आलेले असत. चढ लागला की पेडल मारत. वाटेत कुणी म्हातारं माणूस चालताना दिसलं की लुना थांबवून त्याला मागे बसवत, मग चढावर उतरून लुना ढकलत. मागचा म्हातारा बसलेलाच असे. वडीलधाऱ्याला उतरवायचं कसं, हा प्रश्न त्यांना सुटलेला नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी कन्फ्यूशियस होता.

पुण्याला कसलासा उजळणी वर्ग होता. तिथल्या एका व्याख्यानात सरांनी पहिल्यांदा ऐकलं की जपानच्या भांडवलशाहीमागे या चिनी तत्त्वज्ञाचा हात आहे. ते ऐकून सर जे भारले ते कायमचेच. युद्धात बेचिराख झालेला देश, जमिनीत ना तेल ना खनिज, आणि तरी आपल्या घरातला रेडिओ जपानी, घड्याळ जपानी. हे कसं झालं? लोक म्हणत, नक्कल करतात. सर म्हणत, नक्कल तर आपणही करतो, आपली का चालत नाही? मग त्यांची गाडी सुरू होई. कन्फ्यूशियसची शिकवण चीनमधून जपानात गेली. तिथल्या सामुराई घराण्यांतली मुलं ती शाळेत पाठ करत वाढली. पुढे राजवट बदलली, सामुराईंच्या तलवारी गेल्या, आणि त्यांतले कितीतरी कचेऱ्यांत आणि कारखान्यांत शिरले. तलवार गेली पण पाठांतर राहिलं. म्हणून तिथली कंपनी ही कंपनी नसते, ते घर असतं. मालक बाप, कामगार लेक. लेक घर सोडत नाही आणि बाप लेकाला हाकलत नाही. मोठ्याला मान, धाकट्याला सांभाळणं, निर्णय सगळ्यांना विचारून. नफ्याला कुणी पाप म्हणत नाही, फक्त तो नीतीच्या मांडवाखालून आला पाहिजे. "नफा आणि नीती यांचं तिथं लग्न लागलंय," असं सर सांगत, आणि बोलता बोलता खडूनं फळ्यावर मुंडावळ्यांसारखं काहीतरी काढत.

मुलांनी यातून आपल्याला सोयीचं ते घेतलं. कन्फ्यूशियसचं नाव आलं की सर मार्क देतात हे पसरलं, आणि मग उत्तरपत्रिकांतून कन्फ्यूशियस कुठेही उगवायला लागला. ठिबक सिंचनाच्या फायद्यांत तो, सहकारी दूध संस्थांच्या अडचणींत तो. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे इकडचे कुणी आमदार आहेत का?

एकदा मात्र मढकडच्या एका मुलानं उठून सरळ विचारलं की कन्फ्यूशियस जर चीनचा, तर चीन आधी पुढे का गेला नाही. सरांनी खडू ठेवला, वर्ग सोडला. दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी आले आणि त्यांनी सांगितलं की खुद्द कन्फ्यूशियसच्या परंपरेत व्यापाऱ्याला सगळ्यांत खालची पायरी होती. चीनमध्ये हुशार पोरगा सरकारी परीक्षेला बसायचा, दुकानात नाही. जपाननं शिकवण घेतली पण व्यापाऱ्याला वर उचललं, कामाची निष्ठा राजाकडून कंपनीकडे वळवली. म्हणजे बी तेच, पण माती वेगळी, असं त्यांचं म्हणणं. मग ते बोरीच्या बोलीत शिरले, कारण मनापासून बोलायचं झालं की पुस्तकी मराठी त्यांना सोडून जाई. "प्रश्न लई चांगला व्हता," असं म्हणून त्यांनी त्या मुलाला व्यासपीठावर बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर त्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. तो मुलगा इतका घाबरला की त्यानंतर त्यानं वर्षभर तोंड उघडलं नाही.

घरात मात्र कन्फ्यूशियसची डाळ फारशी शिजली नाही. राजा आणि प्रजा, बाप आणि लेक, नवरा आणि बायको, थोरला आणि धाकटा भाऊ, मित्र आणि मित्र, अशी पाच नाती त्यानं सांगितली आहेत, आणि प्रत्येकाचं कर्तव्य ठरवून दिलंय, हे सरांनी शालिनीवहिनींना समजावून सांगितलं. वहिनी गोठ्यात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की बायकोचं कर्तव्य सांगायला त्यांना पाठवून द्या, येताना वैरणीचा भारा घेऊन यायला सांगा. तेव्हापासून सर व्याख्यानात तिसरं नातं घाईघाईनं उरकत. ते तिकडच्या हवामानाला जास्त लागू पडतं, असं म्हणत.

सरांना खरी संधी मिळाली ती त्यांच्या थोरल्या भावाचा पाय मोडला तेव्हा.

हे थोरले भाऊ म्हणजे गणपतदादा. नारायणगावच्या रस्त्याला त्यांचं वर्कशॉप होतं. द्राक्षबागांसाठी फवारणीचे पंप, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दारं, खिडक्या, सगळं तिथे व्हायचं. दादा चौथी शिकलेले, रुंद, कमी बोलणारे. सर त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसत नसत. ते कन्फ्यूशियसच्या आधीपासूनचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, आणि त्यांनी सरांना सांगितलं की मी उभा राहीपर्यंत वर्कशॉपकडं बघ. बघ म्हणजे फक्त बघ, असं त्यांना म्हणायचं होतं.

सरांनी पहिल्या सकाळी सगळ्यांना अंगणात रांगेत उभं केलं. माणसं मूठभर. लेथवर इस्माईलभाई, जुन्नरचे, वेल्डिंगला मढचा गेणू, आणखी एकदोघे, आणि राखणीला तुकानाना, जे दादांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे झोपत आले होते. सरांनी त्यांना सांगितलं की आजपासून आपण एक घर आहोत. मग सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा होता. मग वर्कशॉपचं गाणं म्हणायचं होतं. ते सरांनी स्वतः रचलं होतं, आरतीच्या चालीवर, आणि त्यात 'ग्राइंडर' या शब्दाला यमक न सापडल्यामुळे त्या ओळीला सगळे नुसतं गुणगुणत. याच वेळी ओतूरकडचे एक बागाईतदार पंप न्यायला आले. एवढी माणसं उघड्या डोक्यानं माना खाली घालून, गळ्यातल्या गळ्यात काहीतरी म्हणत उभी, आणि दादा तर कुठे दिसत नाहीत. ते गाडीवरून उतरले, टोपी काढली, रांगेच्या शेवटी जाऊन तेही मान खाली घालून उभे राहिले. सगळं झाल्यावर त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात दहावा कधी आहे ते विचारलं.

पुढे ज्येष्ठतेचा नियम आला. सगळ्यांत जुना माणूस तो सगळ्यांत मोठा, आणि सगळ्यांत जुने तुकानाना. चहा आधी तुकानानांना. खुर्ची तुकानानांना. कामाबद्दल काही शंका आली तर तुकानानांना विचारायचं. तुकानानांना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांना ते फार आवडलं. दुपारभर ते खुर्चीत बसून पंपाच्या दट्ट्याबद्दल मतं द्यायला लागले. एक दिवस त्यांनी सरांना विचारलं, "हे कन्फूशेठ कुठल्या गावचं म्हनलं तुमी?" सरांनी चीन म्हणून सांगितलं. तुकानानांनी मान डोलावली आणि म्हणाले, शेठ मानूस चांगला दिसतोय, म्हाताऱ्याची कदर हाये त्यास्नी. तेव्हापासून साऱ्या पंचक्रोशीत कन्फ्यूशियसचं नाव कन्फूशेठ झालं. मुंबईचे कुणी व्यापारी औटींच्या वर्कशॉपमध्ये पैसा घालणार आहेत, अशीही बातमी उठली होती.

निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घ्यायचे, हाही नियम होता. लोखंड कापायच्या करवतीचं पातं मोडलं. नवं आणायचं का, यावर प्रत्येकाचं मत घेतलं गेलं. कुणी कुणाला विरोध करायचा नव्हता, कारण घरात सलोखा हवा. त्यामुळे सगळे आनंदानं हो म्हणत आणि पातं कुणी आणत नसे. तिकडे बागाईतदार पंपासाठी हेलपाटे घालत, आणि त्यांना रांगेत उभं करून नमस्कार केला जाई.

मग सर एका सकाळी म्हणाले की जपानी पद्धतीप्रमाणे तुम्हा सगळ्यांची नोकरी आता जन्मभराची. हे गेणूनं घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको मढहून पहिल्या एसटीनं येऊन वर्कशॉपच्या दाराशी बसली. डोळे पुसत तिनं सरांना विचारलं, "जनमठेप व्हन्याएवढं काय केलं हो यांनी?" तिची समजूत घालण्यात सरांचा अर्धा दिवस गेला. निघताना तिनं विचारलं की मधे भातलावणीला तरी सोडतील ना.

दादा काठी टेकत परत आले तेव्हा अंगणात गाणं चालू होतं. ते पूर्ण होईपर्यंत दादा फाटकाशी उभे राहिले. मग त्यांनी खुर्चीतून तुकानानांना उठवलं, स्वतः बसले, आणि सरांना एवढंच म्हणाले, "पुरं आता." सरांनी मान लववली आणि लुनाला पेडल मारलं. थोरल्यानं सांगितलं म्हणजे संपलं. त्यांच्याच तत्त्वज्ञानानं त्यांचा कारभार बुडवला, आणि गंमत म्हणजे ते त्यावर खूश होते. स्टाफरूममध्ये मला म्हणाले, बघा मॅडम, किती पक्कं बसलंय हे.

यानंतर काही वर्षांनी त्यांची एका खऱ्या जपानी माणसाशी गाठ पडली. खोडदला त्या मोठ्या दुर्बिणी आहेत, उलट्या छत्र्यांसारख्या, तिथे वर्षातून एकदा लोकांना आत बघायला सोडतात. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे तानाका नावाचे एक जपानी शास्त्रज्ञ आलेले आहेत असं कळताच सर इतके अस्वस्थ झाले की त्यांनी दुर्बिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला दुभाषी म्हणून ओढत नेलं. तानाका दिसताच सर कमरेतून वाकले. तानाका वाकले. सरांनी वाचलं होतं की धाकट्यानं जास्त वाकायचं, आणि थोरला सरळ होईपर्यंत सरळ व्हायचं नाही. पाहुणा म्हणून त्यांनी तानाकांना थोरलं ठरवलं होतं. तानाकांनी पांढरे केस पाहून सरांना थोरलं ठरवलं. दोघेही एकमेकांची वाट बघत वाकलेले. मुलांचा घोळका जमला. मी दोघांना वयं विचारली, तर सर दोन्ही गुडघे धरून म्हणाले की पाहुण्याचं वय मोजायचं नसतं. शेवटी आमच्या एसटीच्या ड्रायव्हरनं जोरात हॉर्न वाजवला, दोघेही दचकून एकदम सरळ झाले, आणि मान राहिला.

चहाच्या टपरीवर सरांनी माझ्यामार्फत विचारायला सुरुवात केली. लहानपणी कन्फ्यूशियस पाठ होता का? तानाका हसून म्हणाले, शाळेत परीक्षेपुरता होता. सरांचा चेहरा किंचित उतरला. मग सरांनी कंपनीबद्दल विचारलं. तानाकांनी कप खाली ठेवला. त्यांचे वडील तरुणपणापासून एकाच कंपनीत होते. घरी फक्त रविवारी दिसत, तेही झोपलेले. कंपनी हेच घर होतं. पण आता तिकडे मंदी आली होती, आणि कंपनीनं वडिलांना निवृत्तीला काही वर्षं असतानाच घरी बसायला सांगितलं होतं. वडिलांनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू दिलं नाही. रोज सकाळी टाय बांधून, बॅग घेऊन बाहेर पडत, दिवसभर बागेतल्या बाकावर बसत आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी परत येत. हे सगळं तानाका अगदी साध्या आवाजात सांगत होते, आणि मी तितक्याच साधेपणानं मराठीत सांगत गेले.

सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. नमस्कार विसरले. परतीच्या एसटीत नारायणगाव आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मॅडम, त्या बागेत सावली असंल का हो?"

पुढच्या हंगामात गारपीट झाली. द्राक्षबागा आडव्या झाल्या आणि पंप घ्यायला कुणी येईना. दादा वर्कशॉपच्या दारात बसून रस्त्याकडे बघत. शेवटी त्यांनी इस्माईलभाई आणि गेणूला दुसरीकडे काम बघायला सांगितलं. त्यांना ते सोपं गेलं नाही, हे मला वहिनींनी सांगितलं. त्या दिवशी दादा जेवले नव्हते.

अंथरुणावर पडलेल्या दादांकडे सर गेले. दारात उभे राहूनच म्हणाले की लेकाला घराबाहेर काढायचं नसतं. दादांनी विचारलं, "दिन्या, तुझा कन्फूशेठ येऊन पंप इकत घेनार हाये का?"

"न्हाई. पन थोरला चुकत असंल तर धाकट्यानं त्याला दाखवून द्यावं, असंबी त्यांनी सांगितलंय."

"आन थोरल्यानं ऐकलं न्हाई तर?"

"तर पुन्हा दाखवावं. नम्रपनानं."

"मग दाखव," म्हणाले दादा आणि कूस बदलून झोपले.

सरांनी ते शब्दशः घेतलं. रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी ते दादांच्या ओट्याखाली हात जोडून उभे राहत. बोलत काही नसत. नम्रपणानं चूक दाखवत. दादा दात घासायला बाहेर आले की समोर सर. काही दिवसांनी दादा मागच्या दारानं, गोठ्यातून वाकून बाहेर पडायला लागले. गावातली माणसं मुद्दाम त्या बाजूनं दूध घालायला जात.

पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी इस्माईलभाई आणि गेणूला निरोप धाडला की रोज सकाळी डबा घेऊन माझ्या घरी यायचं. बाकावर बसायचं नाही. काम काय, ते आल्यावर बघू, पगार माझ्याकडून. वेल्डिंगचं एक जुनं मशीन सरांनी कुठूनसं मागून आणलं. काम मात्र नव्हतंच, म्हणून त्यांनी ते शोधायला सुरुवात केली. आधी वहिनींच्या कोंबड्यांच्या खुराड्याला ग्रिल बसलं. मग तुळशीला कठडा झाला, त्याला फाटक झालं, फाटकाला कडी झाली, आणि वहिनी रोज सकाळी कडी काढून तुळशीला पाणी घालायला लागल्या. लोखंड संपलं तेव्हा सरांची लोखंडी कॉट कापली गेली. सर खाली सतरंजीवर झोपायला लागले. जपानी माणूस जमिनीवरच झोपतो, असं त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही झोपा, माझ्या कॉटला हात लावायचा नाही.

मग ही मंडळी आमच्या कॉलेजात शिरली. सायकल स्टँड इतका भक्कम झाला की त्यात अडकवलेली सायकल काढायला दोन माणसं लागत. प्राचार्यांच्या खिडकीला बाहेरून ग्रिल बसवलं, आणि खिडकीही बाहेरच उघडणारी होती, म्हणून ती पुन्हा कधी उघडली नाही. कामाची बोंब होती ती दोघांच्या हातामुळे नव्हे. सर शेजारी उभं राहून आणखी एक गज टाका, आणखी एक टाका, असं सांगत. काम लवकर संपलं तर उद्या काय करायचं, ही त्यांची चिंता. प्राचार्य हे सारं सोसत होते. ते मला म्हणाले, अहो, तो माणूस दोन घरं चालवतोय, मी खिडकी कुठे धरून बसू?

वहिनींनी त्या दोघांना रोज दुपारी गरम भाकरी वाढली, सरांना रोज बोल लावले, आणि दोन्हींत एक दिवसही खंड पडू दिला नाही.

शेवट झाला तो सरपंचांच्या फाटकानं. सरांनी सरपंचांना गळ घालून त्यांच्या वाड्याला नवं फाटक बसवून दिलं. त्यात इतके गज होते की बिजागरी वजनानं एका बाजूला झुकली आणि फाटक आपोआप, सावकाश, आवाज न करता मिटायला लागलं. एका सकाळी सरपंच फाटकात उभे राहून कुणाला तरी रामराम घालत होते आणि मागून फाटकानं त्यांना अलगद उचलून रस्त्यावर ठेवलं. ते तडक दादांकडे गेले. औटींचं काम म्हणजे औटींचंच, त्यांना भावाभावांतला फरक कशाला कळायला हवा?

दादा त्याच पावली सरांच्या घरी आले. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. अंगणात इस्माईलभाई आणि गेणू सरांच्या लुनाला मागे बसणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी कठडा बसवत होते. दादा सगळीकडे बघत फिरले. खुराडं बघितलं. तुळशीचं फाटक उघडून मिटून बघितलं. घरात डोकावून कॉट नाही हे बघितलं. मग त्या दोघांना म्हणाले, "उद्यापास्नं वर्कशॉपात या. हितं माझं नाव घालवताय."

गेणूनं चाचरत विचारलं, पण दादा, काम कुठंय?

"न्हाई काम, तर बसून ऱ्हावा. पन माझ्या दारात बसा. ह्याच्या नादी लागून गावाला कुलपं घालू नका."

सर मान खाली घालून उभे होते. दादा जाता जाता त्यांच्याजवळ थांबले. "सकाळी आता येऊ नको ओट्यापाशी," ते म्हणाले. "गोठ्यातून जाऊन जाऊन पाठ धरली माझी." दादा गेल्यावर सर खुराड्यावर टेकले आणि रुमालानं तोंड झाकून बराच वेळ बसले. मग उठून वहिनींना म्हणाले की या आनंदात चहा झाला पाहिजे. वहिनी म्हणाल्या, दूध चुलीपाशी आहे. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. तो पाच माणसांना पुरेल असा झाला, पण पिण्यासारखा झाला नव्हता.

पुढच्या वर्षी बागा पुन्हा उभ्या राहिल्या आणि पंपांना मागणी आली. इस्माईलभाई शेवटपर्यंत दादांकडेच राहिले. गेणूनं पुढे मढला स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा लेक घर सोडून चालला म्हणून सर दोन दिवस रुसले होते, आणि मग उद्घाटनाला सगळ्यांत आधी जाऊन बसले.

सर निवृत्त झाले आणि मी पुण्याला गेले. कधीतरी फोन व्हायचा, पण फोनवर ते फार ओरडून बोलत, त्यामुळे बोलणं लवकर संपे. त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला, जुन्नरच्या आठवडे बाजारात. मी भाजी घेत होते तर समोरून गणपतदादा आले. आता ते बरेच वाकले होते आणि ऐकू कमी येत होतं. मागे सर, खांद्यावर मोठा तांबडा भोपळा. दादा एका तोंडलीवाल्या बाईशी घासाघीस करत होते. ती काहीतरी सांगायची, दादा भलतंच ऐकून तिला उत्तर द्यायचे, आणि सर मागून हळूच बाईला खूण करायचे की असू दे, ते म्हणतील तसं.

मी जवळ गेले. विचारपूस झाली. मी सहज म्हटलं, सर, जपान काय म्हणतंय?

सरांनी एकदा पुढे दादांकडे बघितलं. भोपळा दुसऱ्या खांद्यावर घेतला. माझ्याकडे वाकून, शेजारच्या कोथिंबीरवालीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जपान झालं आता. सध्या कोरिया."

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते, डोळे लकाकत होते. कोरियात काय काय आहे ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढून दादांची हाक आली, "दिन्या, पिशवी." सर तसेच वळले आणि तोंडल्यांच्या ढिगाकडे धावले, भोपळ्यासकट.